हिरवी पाटी

घर हलायचं थांबलं तसा तो टेबलाखालून बाहेर आला. मागोमाग लेक आली. बायकोने गॅस बंद केला, दाराजवळची तयार पिशवी पाठीला लावली आणि तिघंही बाहेर पडले. कुणी रडलं नाही, कुणी गडबड केली नाही. ह्या परक्या देशात आल्यावर पहिल्या वर्षी कपाटाचं दार करकरलं तरी त्यांची पाचावर धारण बसायची. आता भूकंप अगदी अंगवळणी पडला होता.

निघताना त्याने हुकावरची हिरवी पाटी काढून दाराच्या मुठीला अडकवली. घरातली सगळी माणसं बाहेर पडली की ही पाटी लावायची, म्हणजे शोधायला येणारे स्वयंसेवक त्या दाराशी वेळ घालवत नाहीत, असा इमारतीचा नियम होता. अधूनमधून त्याची तालीम व्हायची आणि ह्या घराचं तिथे कौतुक व्हायचं.

खाली मैदानात इमारतीचा व्यवस्थापक प्रत्येक कुटुंबाला विचारत फिरत होता.

"किती जण?"

"तीन," तो म्हणाला.

व्यवस्थापक पुढे गेला. बायकोने पिशवीतली बाटली लेकीला दिली. लेकीने दोन घोट घेतले आणि इकडेतिकडे पाहिलं.

"बाबा, आजी कुठंय?"

आजी आंघोळीला गेली होती. गावी एकटीला काही झालं तर कोण बघणार, असं म्हणून त्यानेच तिला ह्या थंडीत इकडे आणलं होतं. तिचे गुडघे दुखतात, उगाच एवढे जिने कशाला उतरवायचे, म्हणून तालमीला मात्र तिला कधी घेतलं नव्हतं.

"मला वाटलं, तू त्यांना हाक मारलीस," बायको म्हणाली.

"मला वाटलं, तू."

तो जिन्याकडे धावला. व्यवस्थापक आडवा आला.

"इमारतीची तपासणी होईपर्यंत वर कुणी जायचं नाही."

"माझी आई वर आहे."

"आमची माणसं सगळे मजले बघून आली. तुमच्या दाराला पाटी आहे." व्यवस्थापकाचा आवाज जराही चढला नाही. "आणि तीन तुम्हीच सांगितलंत."

तेवढ्यात दुसरा हादरा बसला. वर खिडक्या खडखडल्या, कुठेतरी काच फुटली. व्यवस्थापकाला ढकलून आत शिरायला हवं, हे त्याला कळत होतं. पण पाय आपोआप मागे आले, मोकळ्या जागेत, इमारतीपासून लांब, शिकवलं होतं तसे. त्याला स्वतःची किळस आली.

हादरा थांबल्यावर बऱ्याच वेळाने आई जिन्यात दिसली. भिंतीला धरून एकेक पायरी उतरत होती. साडी कशीबशी गुंडाळलेली, केस ओले, कपाळावर खोक. तिच्या दुसऱ्या हातात ती पाटी होती.

त्याने धावत जाऊन तिला धरलं.

"बाथरूमचं दारच अडकलं बाई," ती सुनेकडे बघून म्हणाली. "घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. दुसऱ्यांदा हललं तेव्हा कुठे ते सुटलं." मग तिने पाटी त्याच्यापुढे धरली. "हे आपल्या दाराला कुणीतरी अडकवून गेलंय. काय लिहिलंय रे?"

लेकीने वाचायला तोंड उघडलं. बायकोने तिचा हात दाबला.

"आत माणूस आहे, असं लिहिलंय," तो म्हणाला.

आईने पाटी उलटसुलट करून पाहिली.

"मग ती माणसं दारापर्यंत येऊन परत का गेली? पावलं ऐकली ना मी."