सरांच्या पायांचा ठेका

संगीतकार नंदिता घोरपडे आपल्या जुन्या शिरवळकर सरांच्या घरी पोचली तेव्हा सर खुर्चीत बसले होते. दोन्ही पावलांना बँडेज होतं.

कंपवातामुळे सरांचे पाय जागीच खिळायचे. तीन वर्षांपूर्वी इस्पितळाने त्यांच्या मेंदूत चिप बसवली आणि नंदिताने त्या चिपसाठी एक ठेका रचला. कानातल्या यंत्रावर तो ऐकू आला की चिप पावलं टाकायला लावायची, यंत्र बंद केलं की थांबायची. तो नेमका जुळेपर्यंत सर महिनाभर तिच्यासमोर पडत-उठत चालले होते.

पुढे तिने तोच ठेका एका नाचाच्या गाण्यात घातला, कोणालाही न विचारता. गाणं तुफान चाललं. परवा सरांच्या गल्लीतून वरात गेली, तेव्हा डीजेवर तेच गाणं होतं. सर अनवाणी वरातीमागे चार किलोमीटर चालत गेले.

"थांबताच येईना त्यांना," सरांच्या पत्नी वसुधाताई म्हणाल्या. "काल डॉक्टरांनी चिपच बंद केली. ते गाणं हल्ली सगळीकडे लागतं ना."

म्हणजे सर आता चालणार नव्हते. नंदिता माफी मागायला आली होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सरच हळू आवाजात म्हणाले, "वरातीत सगळे नाचत होते. मी एकेकाला सांगत होतो, हा ठेका माझ्या पायांवर बसवलाय. माझ्या विद्यार्थिनीने माझी आठवण म्हणून गाण्यात ठेवलाय. खरं ना?"

नंदिताने त्यांच्या बँडेजकडे पाहिलं.

"हो, सर," ती म्हणाली.