नाव घे

"बोल बाळ, पटका. प-ट-का."

हेरंबने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "त... का..." परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. त्याची आई वासंती वाकून कागदात डोकावली. पाच वर्षांचं पोर. पूर्ण नाव सांगता येईना म्हणून शाळेने परत पाठवलेलं. हरताळामुळे बस बंद, म्हणून गिरगावातून पायपीट करत आणलेलं.

"मंदच आहे हो तो," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही तसं लिहून द्या. अलिबागला धाडतो, वाडी राखील."

"मंद कसला!" वासंती उसळली. "मुद्दाम करतो, बाई. खाली संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा गेला की गॅलरीतून खणखणीत ओरडतो, झालाच पाहिजे! आणि आपण म्हण म्हटलं की तोंडाला कुलूप. नुसता हट्ट!"

बाईंनी मान वर केली. "असं? मग तुम्ही ह्याच्या वडिलांचं नाव म्हणा, सावकाश. तो तुमच्या तोंडाकडे बघून म्हणेल."

वासंती गोरीमोरी झाली. भर सासूसमोर नवऱ्याचं नाव?

"घे गं, औषध समजून घे," सासूबाई म्हणाल्या. "मी नाही ऐकत." आणि त्यांनी खरंच कानांवर हात ठेवले.

आता कसलीच आडकाठी नव्हती. कमलाकांत. नाव डोक्यात लख्ख होतं. वासंतीने तोंड उघडलं. "क..." जीभ टाळूला चिकटली. "क... कम..." सात वर्षांत साधं कधी उच्चारलंच नव्हतं, ते मेलं आता यायलाच तयार नव्हतं! हेरंब तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता.

"हळदीकुंकवाला नाव घेता ना?" बाईंनी विचारलं.

"उखाण्यात घेते की. आपोआप येतं. पण असं समोर बसवून घे म्हटलं की..." तिने हेरंबकडे पाहिलं.

"ह्याचंही तेच आहे," बाई म्हणाल्या. "डोकं शाबूत आहे. हट्टही नाही. शब्द ठाऊक असतो, पण मागितला की जिभेला वाट सापडत नाही. शिकवू आपण. वेळ लागेल, पण बोलेल."

सासूबाईंनी कानांवरचे हात काढले. "काय म्हणाल्या गं?"

वासंतीला ते ऐकूच आलं नाही. पोर वाचलं होतं, आनंद व्हायला हवा होता. तिने हेरंबला ओढून छातीशी धरलं आणि तिला रडू फुटलं.

"काल 'बाबांचं नाव सांग' म्हणत मी ह्याच्या थोबाडीत मारली हो."