आज जेवणाऱ्यांपुरतं

सासूबाईंनी बीट सोलायला घेतलं तशी सुनेने मान वर केली. स्वयंपाक तर कालच उरकला होता. मासे, गाजरं, मधाचा केक, सगळं कसं झाकून ठेवलेलं. ज्यूंच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. प्रार्थनेला गेलेले बापलेक आले की पानं वाढायची, एवढंच काय ते बाकी होतं. मग हे बीट आणि कुणासाठी?

"आई, बीट कशाला?"

"कशाला म्हणजे? शिजवायला."

एवढं बोलून त्यांनी लसणाचा अख्खा गड्डा ठेचला, वर मूठभर मनुका टाकल्या आणि मधाची बाटली सरळ पातेल्यात उपडी केली. मध आणि लसूण! एका पातेल्यात! सुनेने तोंडावर आलेलं "ई" कसंबसं गिळलं, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हेच ते! नवऱ्याने हसत हसत सांगितलेलं, थोरल्याचं बीट. थोरला सोडला तर घरात त्याला कुणी तोंड लावायचं नाही. मांजरसुद्धा वास घेऊन पाठ फिरवायचं म्हणे.

हा थोरला म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. एका सकाळी कामावर जातो म्हणून निघाला, तो अजून घरी यायचा होता. पोलीस झाले, दवाखाने झाले, ओळखीपाळखीचे सगळे झाले. सून या घरात आली ती त्यानंतर. तिने त्याला पाहिलंही नव्हतं, पण खुंटीला कोट त्याचा, फळीवरचा मोठा कप त्याचा, आणि विचारायची सोय नाही. त्याचा विषय निघाला की सासरे उठून आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसत. आता लसूण आणि मध मिटक्या मारत खाणारा माणूस असतो तरी कसा, हे जाणून घ्यायला ती अगदी उतावीळ झाली होती.

"त्यांना हे खरंच आवडायचं?"

"बोटं चाटून खायचा, मेल..." सासूबाईंनी जीभ चावली. शिवी रोजचीच होती, पण आज ती ओठांबाहेर पडेना. त्यांनी ढवळायला घेतलं. "बोटं चाटून खायचा."

"मग काल बाकीच्या स्वयंपाकाबरोबर का नाही केलंत?"

"काल हिंमत झाली नाही."

सणाच्या दिवशी काडी ओढायची नाही, म्हणून एक शेगडी काल संध्याकाळपासून बारीक पेटती ठेवलेली होती. पातेलं तिच्यावर चढलं आणि तेवढ्यात दार वाजलं. सासरे आत आले. धाकटा मागेच जिन्यात शेजाऱ्यांशी गप्पा मारत राहिला होता. सासरे शिंपी. कापड असो की धर्माचा नियम, बोटभर इकडेतिकडे खपायचं नाही. त्यांनी टोपी सारखी केली, हवेत नाक फिरवलं आणि तडक शेगडीपाशी येऊन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"दिसत नाही?"

"दिसतंय. म्हणूनच विचारतोय. सणाच्या दिवशी शिजवायचं ते आज जेवणाऱ्यांपुरतंच. उद्यासाठी नाही आणि कुणाची आठवण आली म्हणून तर नाहीच नाही. हे आज कोण खाणार आहे?"

सासूबाई ढवळत राहिल्या. सुनेला राहवेना. नियम तिलाही ठाऊक होता आणि नियमातली पळवाटही.

"मी खाईन की, बाबा," ती म्हणाली. "मला बघायचंच आहे कसं लागतं ते. म्हणजे मग प्रश्न मिटला."

"तू गप्प बस गं बाई," सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तू खाणार म्हणून केलं तर ते तुझं झालं. मी तुझ्यासाठी नाही केलं."

"ऐकलंस?" सासरे सुनेला म्हणाले, आणि मग बायकोकडे वळले. "तिच्यासाठी नाही. मला ते चालत नाही, तुलाही नाही. म्हणजे खाणारं कुणी नाही. उतरव ते."

सासूबाईंनी पदार्थ ढवळायचा चमचा खाली ठेवला. हात पुसले. पातेल्याचे दोन्ही कान फडक्याने धरले आणि तशाच थांबल्या.

"उतरवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त एक सांगा. तो आज येणार नाही, एवढं म्हणा. तुमच्या तोंडाने. लगेच उतरवते."

सून बघत राहिली. सासऱ्यांनी तोंड उघडलं. मिटलं. नवं वर्ष आज कुठे सुरू होत होतं आणि बाई म्हणे, हे बोला! त्यांनी खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, घसा खाकरला. नियम पाठ होता, पोथीतलं पान पाठ होतं, पण ते चार शब्द काही केल्या येईनात. रोज चाळीस गिऱ्हाइकांना फटाफट "जमणार नाही" सांगणारा हा माणूस! सुनेला एकदम त्यांची दया आली, इतकी की तिनेच नजर खाली घातली.

शेगडीवर पातेलं रटरटत होतं. सासूबाईंनी ते अजून धरूनच ठेवलं होतं.

सासरे वळले आणि हात धुवायला मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तिथूनच, मागे न वळता, ते म्हणाले,

"वर झाकण ठेव. गार झालेलं त्याला चालत नाही."