तळाशी चरणारी

डॉक्टरीण समुद्रगाय कापायला बसली होती आणि तिचा बाप शेडच्या दाराशी चपला काढून उभा होता. पन्नास वर्षं मासेमारी केलेला माणूस, मासे कापण्यात हयात गेलेली. पण पोटच्या मुलीच्या हातातली सुरी बघून त्याला आत यायचा धीर होत नव्हता.

"या ना बाबा आत. चावत नाही ती."

"चावणारी नव्हतीच गं. फार गरीब होती."

फरशीवर साडेतीनशे किलोंचं राखाडी धूड पसरलं होतं. खाली वाकलेलं रुंद थोबाड, त्यावर राठ केस. कानांच्या जागी नुसतं टाचणीएवढं भोक आणि डोळे इतके बारीक, की एवढा देह घडवणाऱ्यानं तिथं आल्यावर हात आखडता घेतला असावा. बारा वर्षं डॉक्टरीण या जनावराचा अभ्यास करत होती, पण फोटोंवर आणि हाडांवर. अख्खी समुद्रगाय तिच्या हाताशी आज पहिल्यांदा आली, तीही मेलेली. आणली होती तिच्या बापानंच, सकाळी, होडीला बांधून.

तिनं पुढच्या वल्ह्यासारख्या पराखाली, काखेत, बोटांनी चाचपलं. आचळ दाबलं तसं दूध आलं.

तेरा-चौदा महिने पोटात, मग दीडेक वर्ष अंगावर. एका वेळी एकच पिल्लू, आणि पुढचं व्हायला तीन वर्षं, कधी सातसुद्धा. हे सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि आज त्या पाठांतराचा तिला राग आला.

"माझ्या जाळ्यानं मेली का गं?" बापानं दारातूनच विचारलं. "खरं काय ते सांग. सकाळपासून घास उतरत नाहीये."

जाळ्याचे वळ परावर होते, पण कातडीपुरते. जखम म्हणावी असं काही नव्हतं. "जाळ्यानं नाही," ती म्हणाली आणि तिनं छाती उघडायला घेतली. बरगड्या दगडासारख्या भरीव. करवत दोनदा अडकली. पोटात ताजं समुद्री गवत ठासून भरलेलं. काळीज उत्तम. धडधाकट जनावर होतं. पाठीला लागून शेवटपर्यंत गेलेली लांबलचक फुप्फुसं मात्र भिजलेल्या गोधडीसारखी जड झाली होती, आणि श्वासनलिका पांढऱ्या फेसानं गच्च भरलेली होती.

"जाळ्यातून काढली तेव्हा जिवंत होती?"

"जिवंत म्हणजे? शेपटीच्या एका फटक्यात तुझ्या काकाला आडवा केला तिनं." बाप आता आत आला. हे सांगण्यासारखं होतं. "जाळं कापलं सरळ. नवीन होतं, तरी कापलं. तुला जिवंत दाखवायची होती. शेपटीला एक दोर, छातीखालून एक, आणि घेतली होडीच्या अंगाला. काका इंजिनावर. मी काठावर पालथा पडून तिचं डोकं धरलं. सारखी वर यायला बघायची गं. मी अंगाचा सगळा भार टाकला, पण येऊ दिली नाही."

डॉक्टरिणीच्या हातातली सुरी तशीच राहिली. "का?"

"का म्हणजे? तुझाच कागद लावलाय ना धक्क्यावर. 'समुद्राच्या तळाशी चरते' असं लिहिलंयस. मी आयुष्यात असलं जनावर पाहिलेलं नाही, मग वाचायला नको? तळाशी राहणारी ती, तिला ऊन कसं सोसेल? थोड्या वेळानं धडपड थांबली तिची. मला वाटलं, ओळखलं हिनं मला. अर्धा तास तिच्याशी बोलत आलो."

कागद तिनं स्वतः लिहिला होता. वजन, लांबी, आयुष्य, गर्भकाळ, काय खाते, किती खाते. दर काही मिनिटांनी नाक पाण्याबाहेर काढून श्वास घेते, एवढं लिहायचं राहिलं होतं. ते कुणाला सांगावं लागेल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाप तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या दोन्ही कोपरांवरची कातडी होडीच्या काठानं सोलून निघाली होती, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आजारी होती, बाबा," ती म्हणाली. "फुप्फुसं आधीच गेलेली. तुम्ही काहीही केलं असतं तरी वाचली नसती."

खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि ते नुसतं बापासाठी नव्हतं, हेही तिला कळत होतं.

बाप उलट्या बादलीवर मटकन बसला. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, मग डोळे. "सुटलो गं बाई. माझ्या हातून काही चुकलं की काय, हेच डोक्यात होतं." मग त्याच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "मग पिल्लू तरी निघेल ना धड?"

"कुठलं पिल्लू?"

"तिचंच. निम्म्या वाटेपर्यंत होडीची पाठ सोडत नव्हतं. काका-काकू गेलेत परत, त्याला आणायला. लहान आहे, एकट्या माणसाला आवरेल. काकाला बजावून सांगितलंय मी, धक्का येईपर्यंत हात सोडू नकोस म्हणून."

डॉक्टरीण तशीच, रक्ताच्या हातमोज्यांनिशी, धक्क्याकडे धावली.

होडी आत वळत होती. सुकाणूवर काकू होती. पुतणी दिसताच तिनं हसून हात केला. काकाला हात करता आला नाही. तो काठावर पालथा पडला होता, आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते.