जिवंत तळहात

मॅडिसनच्या वाचनालयात दर शनिवारी मी मुलांना फाशांचा साहसखेळ खेळवतो. प्रत्येकाचा एक काल्पनिक वीर असतो, मी गोष्ट सांगतो आणि मुलं त्याच्या चाली ठरवतात. गुप्त चाल चिठ्ठीवर लिहून माझ्या हाती द्यायची. चिठ्ठी दिली की चाल झाली, ती मागे घेता येत नाही.

लढाईत हात गमावलेल्यांसाठी मी चौपट ताकदीचे जादूचे हात ठेवले आणि तिथेच चुकलो. बेकेट आणि वायटने आपल्या वीरांचे दोन्ही धडधाकट हात मुद्दाम कापून घेतले. एकटी इन्ग्रिड तयार होईना. महिनाभर दोघं तिला "ए चिलट!" म्हणून चिडवत होते.

त्यांना धडा मिळावा म्हणून आज मी खेळात एक गुहा आणली आणि तिला बाहेर पडायला एकच दार केलं. ते फक्त हाडामांसाच्या तळहाताने उघडतं.

गुहेतलं पाणी वीरांच्या गळ्यापर्यंत चढलं. दोन वर्षं जपलेले तिघेही आता बुडणार होते. वायट खुर्चीवरच उभा राहिला.

"इन्ग्रिड, हात लाव ना! बघत काय बसलीस?"

"आता बरी चिलटाची आठवण झाली," मी हसून म्हणालो.

इन्ग्रिड मात्र रडवेली झाली होती. "मिस्टर डालेन, माझी चिठ्ठी वाचली नाहीत?"

खेळ सुरू होताना तिने दिलेली चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली होती. मी ती उघडली.



'माझ्या वीराचेही दोन्ही हात कापा. आता चिडवणं सहन होत नाही.'