घुबड-५

यादीत सतरा नावं हवी होती. अठरा होती.

सर्व्हरबाईने पुन्हा मोजली. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात सगळे तिला सर्व्हरबाईच म्हणत, कारण नकाशांचं सामाईक फोल्डर तिच्या ताब्यात होतं. कुणाचं मशीन विंडोजचं, कुणाचं मॅक, तिचं स्वतःचं लिनक्स. तिघांना एका फोल्डरात नांदवणं म्हणजे तीन जावांना एका स्वयंपाकघरात नांदवणं. म्हणून रोज अकरा वाजता ती काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करायची. कुठलं मशीन जोडलंय, कोणती फाइल उघडलीय, सगळी यादी समोर यायची.

अठरावं नाव होतं घुबड-५.

तिने ते नाव दोनदा वाचलं.

तिचा नवरा आपल्या लॅपटॉपला घुबड म्हणायचा. नवा घेतला की पुढचा आकडा. दोन वर्षांपूर्वी ती लेकीला घेऊन मागच्या दाराने निघाली, तेव्हा घरात घुबड-३ होतं. ही कमांडही तिला त्यानेच शिकवलेली. घरात कोण काय उघडून बसलंय, हे तो तासातासाला बघायचा. बघायचा आणि मग जाब विचारायचा. तिच्या डाव्या कानाला अजून नीट ऐकू येत नव्हतं, ते त्यातलंच.

त्याच्यापासून लपायला तिने गाव सोडलं, आडनाव बदललं, फोन बदलला, केस कापले. या मशीनला मात्र तिने बाबांनी ठेवलेलं आपलं लाडाचं नाव दिलं होतं, खारू. यादीत ते बघून साहेब हसले, तर ती म्हणाली होती, "असू दे हो. एवढं तरी माझं."

घुबडाने उघडलेली फाइल होती शाळा-तळमजला. लेकीची शाळा! शाळेच्या डागडुजीचे नकाशे याच ऑफिसकडे होते. तळमजल्यावर तिसरीचा वर्ग, आणि लेक तिसरीत.

"मेल्याने शोधलंच शेवटी," ती पुटपुटली.

"कुणी?" शेजारच्या ड्राफ्ट्समनने मान वर केली.

"काही नाही रे. खाली कुणी पाहुणा आलाय का?"

"साहेबांच्या केबिनमध्ये बसलाय एकजण. साहेबांनीच नेटवर्कची केबल दिली त्याला. का गं? भूत बघितल्यासारखी काय झालीस?"

तिने शाळेला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. शाळा एकला सुटायची. बाहेर पडायला जिना एकच, आणि तो साहेबांच्या केबिनसमोरून जायचा. केबिनचं दार काचेचं.

त्याचं कनेक्शन तिला एका कमांडीत तोडता आलं असतं. बोटं कीबोर्डवर गेलीही. पण तोडलं, तर कुणी तोडलं ते विचारायला तो वर येणार. नको रे बाबा. आधी तोच आहे का, एवढी खात्री करू. नुसतं बघायला काय जातंय?

त्याच्या मशीनवर इतरांसाठी काय खुलं ठेवलंय, ते तिने दुसऱ्या कमांडीने विचारलं. पासवर्ड मागितला, तशी तिने सवयीने जागा रिकामीच सोडून एंटर दाबली. तीन फोल्डर आले. गाणी, कामं, जुनं-घर.

ती जुनं-घरमध्ये शिरली. लेकीचे फोटो. तिचे फोटो. त्याच्या घरातली, लांब केसांची ती. ती काळी खिडकी बंद करायचंही तिला सुचलं नाही, कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली. मध्ये मध्ये शाळेला फोन लावत होती, बाकी काही नाही.

पाऊण वाजता जिन्यावर पावलं वाजली. साहेब होते.

"सर्व्हरबाई, ते पाहुण्याचं मशीन काढून टाक गं. गेला तो."

"कोण होता?" तिने विचारलं.

"आगीच्या अलार्मवाल्या कंपनीचा माणूस. शाळेच्या नकाशावर अलार्मच्या जागा मार्क करायच्या होत्या. भारी घाई त्याला! दीडची गाडी होती, शाळा बघायलाही वेळ नाही म्हणत होता."

"म्हणजे... माझ्यासाठी नव्हता आला?"

"तुझ्यासाठी?" साहेब हसले. "तुझं आपलं काहीतरीच. कामाला आला होता बिचारा."

कामाला आला होता! तिला हसूही आलं आणि रडूही. दोन तास जीव मुठीत धरून बसले ते उगाचच. तेवढ्यात हातातल्या फोनवर शाळेतली बाई बोलली, "हॅलो, शाळा. बोला."

"चुकून लागला हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आता कशाला उगाच बोभाटा.

साहेब दारातून मागे वळले.

"हां, एक राहिलंच. त्याला सारखी ती यादी बघायची खोड दिसते, स्वतःच्या लॅपटॉपवर कोण शिरलंय त्याची. निघता निघता बघितली आणि म्हणाला, ही खारू कोण? म्हटलं, आमची सर्व्हरबाई. तिची लेक त्याच शाळेत आहे, तिसरीत. अगं, एवढा खूश झाला माणूस! गाडीबिडी सोडली आणि थेट शाळेकडेच गेला."