ओहोटी

बऱ्याच वर्षांनी बेकरीवाली एडिथ विल्फ्रेडच्या दारात उभी होती, हातात गरम पाव घेऊन. शाळेत दोघं एका वर्गात होती. त्याची पहिली विज्ञानकादंबरी आली आणि तिने बोलणं टाकलं.

त्या कादंबरीत समुद्र वाढत वाढत किनाऱ्यावरचं एक इंग्लिश गाव गिळतो. नवं गाव रचायचा कंटाळा, म्हणून विल्फ्रेडने आपलंच उचललं. धक्का, शाळा, एडिथची बेकरीसुद्धा, सगळं नावानिशी. लंडनने त्याला डोक्यावर घेतलं, गावाने वाळीत टाकलं. पुढच्या प्रत्येक कादंबरीत त्याने काही ना काही बुडवलंच. वाचकांना तेच हवं होतं.

"आमची मागची भिंत काल समुद्रात गेली," एडिथ म्हणाली.

"अगं, पण ती नुसती कल्पना होती. मी काही..."

"भांडायला नाही आले. आधी धक्का गेला, मग शाळा, आता आम्ही. तू लिहिलंस त्याच क्रमाने चाललंय सगळं." तिने पाव टेबलावर ठेवला. "आता पाणी मागे हटतं, असं लिही."

एरवी तो अशा बोलण्यावर मनसोक्त हसला असता. ती गेल्यावर त्याने मुकाट्याने टाइपरायटरला कागद लावला.

पाणी चढतं कसं, ते त्याला तोंडपाठ होतं. आधी गटारं तुंबतात, मग विहिरी खारट होतात. पण ओसरायला लागलं की आधी काय दिसतं?

पाव गार झाला, तरी कागद कोराच. शेवटी तो कोट घालून, आयुष्यात पहिल्यांदाच, ओहोटी बघायला निघाला.